विठोजीचा दोर

दसऱ्याला लोक शस्त्रं पुजतात, आम्ही दोर पुजतो. पाटावर लाल कापड, कापडावर काथ्याचा मनगटाएवढा जाड दोर, त्यावर हळदकुंकू आणि बन्नीची, म्हणजे शमीची, पानं, आणि समोर फेटा बांधून, डोळ्यांत पाणी आणून उभे असलेले माझे थोरले बंधू अप्पासाहेब, म्हणजे आमचा अण्णा. बंगळुरात, बसवनगुडीतल्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना पाठ आहे. नवा भाडेकरू आला की शेजारी त्याला पहिल्याच दसऱ्याला आणून दाखवतात.

कारण विचारलंत तर अण्णा सांगतो आणि नाही विचारलंत तरी सांगतो. चिकपेटेत त्याचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. तिथे कुकर घेणाऱ्याला शिट्टीबरोबर विठोजीची कथा फुकट मिळते. शहाजीराजे विजापूरच्या फौजेबरोबर बंगळुरावर आले तेव्हा आमचा मूळपुरुष विठोजी त्यांच्या पथकात होता. किल्ला काही पडेना. मग विठोजीनं कडकडीत उपास धरला, अंधारात तटावर दोर टाकला, एकटा वर चढला आणि आतून दरवाजा उघडला. म्हणून आमच्याकडे दसऱ्याला दोराची पूजा, आदल्या दिवशी पुरुषांना उपास. शिवाय शत्रूच्या मुलखाचं अन्न तोंडात घालणार नाही अशी त्यानं शपथ वाहिली होती, म्हणून नाचणी वर्ज्य. शेजारच्या प्रत्येक घरात रागीचे मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचे गोळे, वळले जातात, आमच्या घरात नाचणीचा दाणा येत नाही. मला मधुमेह झाला तेव्हा डॉक्टर म्हणाला, रागी खात जा. अण्णा म्हणाला, डॉक्टर बदल.

"इतिहासाच्या पुस्तकात हे कुठेच कसं नाही?" असं मी एकदा विचारलं होतं.

"पुस्तकं लिहिणारे खाली उभे होते, संयोगिता. वरचं त्यांना काय दिसणार?"

मी टेलिफोन खात्यात नोकरी केली, दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकल्या, पण अण्णासारखा तोंड बंद करणारा माणूस मला तिथेही भेटला नाही.

आता दोर काही साडेतीनशे वर्षांचा नाही. काथ्या कुजतो. कुजला की नवा आणायचा आणि त्याच्या टोकाला आमची गाठ मारायची. हे काम घरातल्या मुलींचं. मला ती आत्यानं शिकवली. मोठी चमत्कारिक गाठ आहे. एक वळसा खालचा, रुंद, एक वरचा, आणि दोन्ही मधल्या पेडात असे अडकवायचे की वजन पडलं की आवळतात. लहानपणी मी त्यात बसून झोके घ्यायची. माणूस अगदी खुर्चीत बसावा तसा बसतो. तेव्हाच माझ्या मनात आलं होतं की चढणाऱ्या माणसाला बसायला खुर्ची कशाला लागते? आत्यानं पाठीत धपाटा घातला आणि प्रश्न मिटला.

शहाण्णव साली आमच्या हर्षितानं, म्हणजे अण्णाच्या एकुलत्या एका मुलीनं, लग्न ठरवलं. मुलगा तिच्याच कॉम्प्युटर कंपनीतला, संतोषकुमार. वडील नंजप्पा बँकेतून निवृत्त झालेले, गौडा, पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचेच, आता जे. पी. नगरात घर. मुलगा शांत, कामाचा, आणि हर्षिताकडे बघताना त्याचा चष्मा नाकावर घसरायचा. मला तेवढं पुरेसं होतं.

अण्णाला नव्हतं. त्याची अडचण जातीची नव्हती, भाषेची तर नव्हतीच. रागावला की तो कन्नडमध्येच शिव्या देतो.

"अक्का, तूच सांग," तो मला म्हणाला. लाडात आला किंवा अडचणीत सापडला की धाकट्या बहिणीला अक्का म्हणायची त्याची पद्धत आहे. "त्यांची माणसं तटावर होती. आपल्याविरुद्ध. जो किल्ला आपण सर केला, त्यातल्या लोकांना मुलगी द्यायची?"

"अरे, त्याला साडेतीनशे वर्षं झाली!"

"म्हणून काय इतक्यात विसरायचं?"

हर्षिता दोन महिने त्याच्याशी बोलली नाही. शेवटी अण्णा नमला, पण अट घालून. साखरपुड्याच्या दिवशी व्याह्यांच्या घरी सगळ्यांसमोर तो विठोजीची कथा सांगणार. त्यांनी ती आदरानं ऐकायची. कुणी हसलं, नाक मुरडलं, विठोजीबद्दल एक उणा शब्द काढला, तर सुपारी तिथल्या तिथे परत.

"आत्या, बाबा तिथे जाऊन पुन्हा किल्ला घेणार," हर्षिता म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आणि मग माझं लग्न मोडणार. तू काहीतरी कर ना."

मी काय करणार? मी नंजप्पांना फोन केला आणि स्वच्छ सांगितलं की आमचा अण्णा जे बोलेल त्याला मान डोलवा. ते म्हणाले, "सरी सरी, ठीक आहे, आमच्या घरीही एक म्हातारी आहे. कळतं मला."

साखरपुड्याला अण्णा फेटा बांधून गेला. नंजप्पांचं घर दुमजली, पुढे अंगण, अंगणात सुपारीची दोन झाडं. नंजप्पांच्या आई, पुष्पावती अज्जी, वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, हातात पानाचा डबा. अण्णानं "स्वल्पात सांगतो" म्हणून सुरुवात केली आणि कॉफी दोनदा गार झाली. संतोषकुमार चष्मा सावरत मान डोलवत होता. नंजप्पा तर इतके डोलत होते की मला त्यांच्या मानेची काळजी वाटली. उपासाचा भाग आला तेव्हा अज्जींनी पान चघळायचं थांबवलं. दोराचा भाग आला तेव्हा त्या पुढे वाकल्या.

"एक विचारू का?" त्या म्हणाल्या. "हा तुमचा माणूस जाडा होता का हो?"

"पैलवान होता!" अण्णा छाती काढून म्हणाला.

"सरी, सरी," अज्जी म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा पान चघळायला घेतलं.

कथा संपली, कुणी हसलं नाही. हर्षितानं सुटकेचा श्वास सोडला. मग नंजप्पा म्हणाले, "आता आमच्या घरचं एक शास्त्र आहे. मुलीच्या वडिलांनी अंगणात उभं राहायचं. आम्ही गच्चीवरून दोरानं बुट्टी, म्हणजे टोपली, सोडतो. वरून हाक आली की खालून उत्तर द्यायचं, मग साखरपुडा पुरा झाला. उत्तर सोपं आहे, सांगतो मी." अण्णा खुशीत होता. त्याला वाटलं, आपल्या मानासाठीच काहीतरी आहे. तो अंगणात जाऊन फेटा सारखा करून उभा राहिला.

मी अज्जींना हात धरून गच्चीवर नेलं. तिथे वेताची बुट्टी होती, तिच्यात केळीच्या पानावर वाफाळता रागीमुद्दे आणि वाटीभर सारू, म्हणजे पातळ आमटी. शेजारी काथ्याचा दोर. अज्जींनी दोराचं टोक घेतलं, एक वळसा खालचा, रुंद, एक वरचा. बुट्टी त्यात बसवली. पण त्यांना मधला पेड सापडेना. मी वाकले आणि तो अडकवून दिला. हात आपोआप गेला.

अज्जींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"कुणी शिकवली?"

"माझ्या आत्यानं. तुम्हाला?"

"माझ्या सासूनं. ही गाठ आमच्या घराबाहेर कुणाला येत नाही, बाई. एका माणसासाठी केली होती." आणि त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

चढणाऱ्याला खुर्ची कशाला लागते, या प्रश्नाचं उत्तर आता येणार हे मला कळलं होतं, आणि खाली ते ऐकायला फेटा बांधून अण्णा उभा होता. मी म्हटलं, "अज्जी, गोष्ट नका सांगू, पाया पडते." पण बुट्टी सोडण्याआधी गोष्ट सांगायची हेच त्यांचं शास्त्र होतं. त्या कठड्याशी गेल्या आणि ऐंशीच्या पुढच्या बाईला न शोभणाऱ्या खणखणीत आवाजात सुरू झाल्या.

"ऐका! मराठ्यांची फौज आली तेव्हा आपलं घर किल्ल्याबाहेर होतं. अंगणात रागीचं पेव होतं, हगेवु. अंधारात एक शिपाई रागी चोरायला आला. झाकण कुजकं होतं, तो आत पडला!"

अण्णा खाली कौतुकानं ऐकत होता. चोराचं त्याला वाईट वाटलं नाही.

"वर काढावा तर त्याच्या हाती तलवार. किल्ल्यातल्यांना कळलं तर ते मारतील, मराठ्यांना कळलं तर घर जाळतील. म्हणून लढाई संपेपर्यंत त्याला आतच ठेवायचं ठरलं. घरच्या सुनेनं रोज बुट्टीतून मुद्दे सोडायचे आणि विचारायचं, ऊटा आयता? जेवण झालं का? आणि खालून तो म्हणायचा, आयता, इन्नू स्वल्प हाकी! झालं, आणखी थोडं वाढा!"

पाहुणे हसले. अण्णाही हसला.

"किल्ला पडला. दोर सोडला. पण खाऊन खाऊन तो असा फुगला होता की पेवाच्या तोंडातून निघेना! मग त्याला उपाशी ठेवलं. तेव्हा कुठे निघाला!"

अण्णाचं हसू उपासाशी अडकलं.

"सुनेनं ही गाठ केली, त्याला बसवून ओढून काढलं. त्यानं दोराला नमस्कार केला, म्हणाला, जन्मभर याची पूजा करीन. आणि रागी? रागी मात्र पुन्हा या जन्मात खाणार नाही म्हणाला! नाव सांगितलं विठोजी. आम्ही विठ्ठप्पा म्हणतो."

नंजप्पांचा चेहरा उतरला होता. त्यांना गोष्ट जन्मापासून ठाऊक होती, पण दोन्ही गोष्टी एकच आहेत हे आत्ता डोक्यात शिरलं होतं. हर्षिता भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्याकडे बघू शकले नाही. अण्णाचे कान लाल झाले होते आणि फेट्याचा शेमला उगीचच हलत होता. आता सुपारी परत मागणार, मी मनात म्हटलं. आता हा दारातून निघून जाणार आणि माझी पोरगी आयुष्यभर त्याच्याशी बोलणार नाही.

अण्णानं मान वर केली. "अज्जी," त्यानं कन्नडमध्ये विचारलं, "ती सून. तिचा नवरा कुठे होता?"

"तटावर. लढत होता."

"मग? परत आला?"

"इल्ला, नाही," अज्जी म्हणाल्या. आवाज आता साधा झाला होता. "विठ्ठप्पा पेवात होता तेव्हाच निरोप आला. त्या दिवशीही बुट्टी खाली गेली. त्या दिवशीही तिनं विचारलं, ऊटा आयता?"

"नाव काय तिचं?"

"कुणाला ठाऊक? विठ्ठप्पाचं राहिलं. तिचं राहिलं नाही."

मी दोर सोडला. बुट्टी अण्णाच्या पुढ्यात टेकली. त्यानं फेटा उतरवून बाजूला ठेवला आणि जमिनीवर मांडी घातली. साठीला आलेल्या आमच्या अण्णाला मुद्दे कसा खातात हे माहीत नव्हतं. चावायचा नसतो, सारूत बुडवून गिळायचा असतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्यानं चावला. तो दातांना चिकटला, टाळ्याला चिकटला, डोळ्यांत पाणी आलं. ते सगळंच काही मुद्द्याचं नव्हतं.

"ऊटा आयता, विठ्ठप्पा?" अज्जींनी वरून हाक दिली.

अण्णानं घास कसाबसा उतरवला आणि चिकपेटेपर्यंत जाईल अशा आवाजात ओरडला, "आयता! इन्नू स्वल्प हाकी!"

हर्षिता रडत रडत हसत सुटली, आणि संतोषकुमारचा चष्मा एकदाचा खाली पडला.

आता अण्णा सुधारला असं तुम्हाला वाटेल. छे! दुकानात नवी कथा चालू आहे. विठोजीनं एकट्यानं शत्रूच्या धान्यकोठारात शिरून ते किल्ला पडेपर्यंत लढवलं. कुकरवाले माना डोलावतात. घरात मात्र नाचणीचं पीठ आलं. परवा मला म्हणाला, "तो जुना डॉक्टर बरा होता, त्याच्याकडेच जा." दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा उपासही बंद झाला. ती बाई त्या दिवशीसुद्धा वाढत राहिली, मग आपण उपाशी कुणासाठी राहायचं, असं त्याचं म्हणणं.

दसऱ्याला दोर पुजून झाला की तो जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसतो. खालच्या खोलीत मी उभी राहते. गाठीत बसवलेली बुट्टी हळूहळू खाली येते आणि अण्णा विचारतो, ऊटा आयता? एवढंच वाक्य तो वर्षभरात हळू आवाजात बोलतो. माझं पोट भरलेलं असतं, साखर वाढलेली असते, तरी मी आणखी थोडं मागते.