क्रँकचे दोन फेरे

०°

चार स्ट्रोकच्या इंजिनाचं एक आवर्तन पुरं व्हायला क्रँकला दोन फेरे मारावे लागतात. सातशे वीस अंश. प्रेमलाला हे अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं, बिबवेवाडीतल्या एका पत्र्याच्या गॅरेजमध्ये, स्टुलावर बसून. समोर तिची गाडी. पांढरी, अकरा वर्षं वापरलेली, तिच्याकडे येऊन दोन वर्षं झालेली. बॉनेट उघडं.

आज बुधवार. शनिवारी अकरा वाजता ती भंगारात जाणार होती.

४०°

त्याआधीच्या रविवारी, सोसायटीच्या ग्रुपवर:

*बी विंगच्या रॅम्पवर एक गाडी दोन दिवस बंद पडून आहे. मालकांनी आधी शिकावे, मग चालवावे, ही विनंती. – सेक्रेटरी.*

खाली अकरा अंगठे.

७०°

सोमवारी, मोठ्या वर्कशॉपच्या काउंटरवर:

"चारही सिलिंडरला कॉम्प्रेशन नाही मॅडम. व्हॉल्व्ह वाकले असणार. इंजिन गेलं. कोण चालवतं?"

"मी."

"हां," म्हणून काउंटरवरच्या माणसाने काहीतरी टाइप केलं. छापून आलेल्या कागदावर आकडे होते, ते तिला कळले नाहीत. शेवटची ओळ कळली. *चालवण्याची पद्धत सदोष.*

तीच ओळ मंगळवारी तिच्या भावाने, सर्जेरावांनी, मोठ्याने वाचली. ते लोणी काळभोरहून मुद्दाम आले होते. विकणारा त्यांच्या ओळखीचा, म्हणून गाडीची कागदपत्रंही त्यांच्याच नावावर.

"म्या तवाच म्हनलं व्हतं. रिक्षा हाय, बस हाय. ह्या वयात कशाला?"

"दोन वर्षं चालवतेय, दादा."

"म्हनूनच इंजिन गेलं."

भंगारवाल्याला फोन त्यांनी तिथेच, तिच्या सोफ्यावर बसून केला. शनिवार, अकरा.

गाडी गेल्याचं तिने सोसलं असतं. पण त्या ओळीसकट गेली असती तर पुन्हा कुणी तिच्या हातात चावी दिली नसती, आणि तिनेही मागितली नसती.

१८०°

म्हणून बुधवारी गाडी दोर बांधून इथे. शमशुद्दीनच्या गॅरेजात. वय साठीच्या पुढे, चष्मा कपाळावर. त्याने कागद लांब धरून वाचला.

"ताई, हे चार आकडे वाचा. चार सिलिंडरमधला दाब."

"नव्वद. नव्वद. अठ्ठ्याऐंशी. नव्वद."

"किती हवेत? एकशे सत्तर, ऐंशी. आता सांगा, काय दिसतं?"

"सगळे कमी आहेत."

"सगळे सारखे कमी आहेत. व्हॉल्व्ह वाकले असते तर एक सिलिंडर मेला असता, दुसरा बरा असता. चौघांना एका दिवशी एवढाच ताप येत नाही. व्हॉल्व्ह उघडतायत, मिटतायत, पण चुकीच्या वेळेला. टायमिंग चेन बघायला लागेल."

त्याने बोटांनी दाखवलं. खाली क्रँक, वर कॅम. खालचा पिस्टन हलवतो, वरचा व्हॉल्व्ह. दोघांच्या दातेरी चक्रांना एक चेन बांधून ठेवते, आणि चेनला एक टेन्शनर तेलाच्या दाबाने ताणून ठेवतो. चेनने एखादा दात जरी सोडला तरी वरच्याला खालच्याची वेळ कळत नाही.

"चालवताना सोडला? माझ्या हातून?"

त्याने उलट विचारलं.

"सकाळी सुरू करताना आवाज यायचा?"

"दोन सेकंद खडखड. मग गप्प. घेतल्यापासून. विकणारा म्हणाला, पेट्रोल गाडीत असंच असतं."

"विकणारे फार शिकलेले असतात. गुरुवारी लावली तेव्हा कशी होती?"

"छान. शनिवार पेठेतल्या दुकानातून घरी आले, काही नाही."

"शुक्रवारी?"

"सुरू झाली ती थरथरतच. पिवळा दिवा. ओढच नाही."

"म्हणजे उभ्या गाडीत बिघाड झाला." शमशुद्दीनने चष्मा खाली ओढला. "मध्ये कुणी हलवली?"

"नाही."

मग तिला आठवलं.

"शुक्रवारी गाडी एक खांब मागे होती."

उणे ३६०°

तिने वॉचमनला, बजरंगला, फोन लावला. स्पीकर चालू. बजरंग शेवटापासून सुरू करून मागे मागे जात सांगत राहिला.

शुक्रवारी सकाळी सहाला पाण्याचा टँकर रिकामा होऊन गेला.

त्याआधी टँकरचा पाइप टाकीपर्यंत पोचला, कारण रॅम्प मोकळा झाला.

त्याआधी ड्रायव्हर, क्लीनर, दूधवाला आणि बजरंग, चौघांनी पांढरी गाडी मागे ढकलली. "लई जड मॅडम. हिसके खात होती. मला वाटलं ब्रेक चिकटले."

त्याआधी बजरंगने एकट्याने ढकलून पाहिली. हलली नाही.

त्याच्याही आधी काय झालं, ते प्रेमलालाच ठाऊक होतं. गुरुवारी संध्याकाळी तिच्या जागेवर कुणाचा तरी पाहुणा होता. तिने गाडी रॅम्पवर लावली, तोंड वर करून. सोसायटीचा नियम असा की हँडब्रेक लावायचा नाही आणि गिअर न्यूट्रलला ठेवायचा, म्हणजे अडचण झाली की कुणाचीही गाडी कुणीही ढकलतं. तिने हँडब्रेक सोडला. गाडी उताराला लागली. म्हणून तिने पहिला गिअर टाकला, उतरली, घरी गेली.

"पहिल्या गिअरमध्ये मागे ढकलली," शमशुद्दीन म्हणाला. "म्हणजे क्रँक उलटा फिरला. इंजिन बंद, तेलाला दाब नाही, टेन्शनर आधीच थकलेला. चेन सैल पडली आणि दात सोडून बसली."

"गिअर मीच टाकला ना. म्हणजे चूक माझीच."

"न्यूट्रलला सोडली असती तर रस्त्यावर जाऊन कुणाला तरी भेटली असती. तेव्हा काय लिहिलं असतं कागदावर?"

फोनवरून बजरंगने विचारलं, "मॅडम, माझं नाव येईल का यात?"

"नाही रे."

"पण हे अजून सगळं तोंडी," शमशुद्दीन म्हणाला. "उघडल्यावर बघू. आणि व्हॉल्व्ह खरंच वाकले असतील तर मी पण भंगारवाल्यालाच फोन करायला सांगेन."

२७०°

गुरुवार. वरचं झाकण काढलं. शमशुद्दीनने पान्याने क्रँक हळू फिरवून खालच्या चक्रावरची खूण इंजिनावरच्या खुणेवर आणली. मग टॉर्च प्रेमलाच्या हातात दिला.

"वरची खूण कुठाय?"

ती बॉनेटखाली वाकली. नाकात तेलाचा वास चढला.

"इकडे. मागे."

"किती दात?"

तिने मोजले. पुन्हा मोजले.

"दोन."

त्याने चहा सांगितला. दोन कटिंग, एकात साखर कमी.

पुढचं आवरण काढायला दुपार गेली. आत चेन जिच्यावरून सरकते ती पट्टी एका बाजूने खोल खरवडलेली होती, आणि टेन्शनरचा दांडा त्याने नुसत्या अंगठ्याने आत दाबून दाखवला. "हा दोन वर्षांपूर्वीच रिटायर झालाय. खडखड तीच."

५४०°

शुक्रवार. नवीन चेन, नवीन पट्ट्या, नवीन टेन्शनर. चेनमधल्या रंगीत कड्या वरच्या-खालच्या खुणांवर बसवल्या. टेन्शनरची पिन ओढली, दांडा टक् करून चेनवर आला.

शमशुद्दीनने पाना तिच्यापुढे धरला.

"दोन फेरे. तुम्ही मारा."

"मी?"

"मशीनने फिरवलं तर अडलेलं कळत नाही. हाताला कळतं. अडलं तर थांबायचं, जोर लावायचा नाही."

नव्वद. एकशे ऐंशी. हात जड झाला, मग एकदम हलका. "पिस्टन वर जाऊन आला," तो म्हणाला, "त्याला अडणं म्हणत नाहीत." दोनशे सत्तर. तीनशे साठ. एक फेरा. खांदा भरून आला, पण शमशुद्दीन मदतीला पुढे झाला नाही. चारशे पन्नास. पाचशे चाळीस. मनगटाला प्रत्येक अंश कळत होता, आणि कुठेच धातूला धातू लागत नव्हता. सहाशे तीस. सातशे

"शमशुभाई, रंगीत कड्या सरकल्यात. खुणेवर नाहीत."

"कड्या फक्त बसवताना बघायच्या. आता खुणा बघा."

वीस.

खालची खूण खुणेवर. वरची खुणेवर.

त्याने आवरणं चढवली, प्लगच्या जागी दाब मोजायचं गेज लावलं, तिला स्टार्टर मारायला सांगितलं आणि काचेतून एकेक आकडा ओरडून सांगितला.

एकशे पंच्याहत्तर. एकशे पंच्याहत्तर. एकशे ऐंशी. एकशे पंच्याहत्तर.

प्रेमलाने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले.

७२०°

शनिवार, साडेदहा. सर्जेराव गॅरेजात आले, ते फोनवर भंगारवाल्याला पत्ता समजावत.

"दादा, थांबा जरा."

तिने चावी फिरवली. खडखड नाही. पिवळा दिवा लागला, विझला. इंजिन इतकं गुळगुळीत सुरू झालं की सर्जेरावांनी विचारलं, "चालू झाली का?"

मग शमशुद्दीनने त्यांच्या हातात जुनी चेन दिली, खरवडलेली पट्टी दिली, वर्कशॉपचा कागद दिला आणि सगळं सांगितलं. टँकर, पहिला गिअर, दोन दात. शेवटी म्हणाला, "गाडी उभी असताना बिघडली साहेब. तेव्हा ताई घरात चहा पीत होत्या. चालवण्यात कसला दोष?"

सर्जेराव बराच वेळ पट्टीतल्या खाचेवरून अंगठा फिरवत राहिले. फोनमधून भंगारवाला हॅलो हॅलो करत होता.

"येऊ नगा," ते म्हणाले. "गाडी चालू हाय." आणि जरा थांबून, "भैन चालवती."

"बसा," प्रेमला म्हणाली. "लोणीला सोडते."

हडपसरच्या गर्दीत ते डॅशबोर्ड धरून बसले होते. मांजरी ओलांडल्यावर त्यांनी हात सोडला. सोलापूर रस्ता मोकळा मिळाला तशी तिने चौथा टाकला, पाचवा टाकला, उसाच्या दोन ट्रॉल्या मागे टाकल्या.

दारात वहिनी, सोजरबाई, शेंगा निवडत होत्या. गाडीतून डाव्या बाजूने नवरा उतरला आणि उजव्या बाजूला नणंद बसलेली, हे त्यांनी नीट पाहून घेतलं. सूप खाली ठेवलं. पदराला हात पुसले. नवऱ्याने उघडं ठेवलेल्या गाडीच्या दारातून आत येऊन बसल्या आणि दार लावलं.

"कुठं जायचं, वहिनी?"

"कुठं बी," सोजरबाई म्हणाल्या. "त्यांना शेंगा निवडू दे."