एसीचा गॅस संपत नसतो

इकडेतिकडे काय बघताय? वर बघा. पडद्याच्या दांडीच्या वर लांबोडका पांढरा डबा दिसतोय ना, तो मी. या घरातला एसी. नुसता गार करणारा नव्हे हं, थंडीत खोली ऊबदारही करतो. कारखान्यात जन्मलो, खोक्यात झोपून बेंगळुरूला आलो आणि बसवनगुडीतल्या या दुमजली घराच्या वरच्या खोलीत भिंतीला लटकलो. बालपणाच्या गोड आठवणी वगैरे काही नाहीत. उगीच खोटं कशाला बोलू?

घर नरसिंहरावांचं. बँकेतून निवृत्त झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथेच मुरलेलं. बोलता बोलता 'स्वल्प थांब' म्हणतील, 'सरी, सरी', म्हणजे ठीक ठीक, म्हणत मान डोलावतील. शेजारच्या इमारतीत पुण्याहून आलेला निहार नावाचा आयटीवाला राहतो. तो एकदा हसून म्हणाला, "काका, तुमचं मराठी किती क्यूट आहे!" त्याला ते कौतुक वाटलं. नरसिंहराव मात्र त्यानंतर त्याच्याशी इंग्रजीतच बोलायला लागले.

मला बसवलं त्या दिवशी समोरचे उपेंद्रराव मुद्दाम बघायला आले. "बेंगळुरात एसी? अहो, आमच्या लहानपणी इथे पंखासुद्धा लागत नव्हता!" हे वाक्य मी नंतर पुष्कळांच्या तोंडून ऐकलं. गंमत अशी, की ते म्हणताना जो तो रुमालाने मान पुसत असतो.

"माझ्यासाठी नाही हो," नरसिंहराव म्हणाले. "सुप्रीतासाठी."

सुप्रीता त्यांची मुलगी. स्कूटरवरून पडली आणि मानेतला मणका दुखावला. छातीखाली हालचाल नाही, हात थोडे चालतात. तरी पलंगाला टेकून बसते आणि लॅपटॉपवर मुलांना गणित शिकवते. चुकलेल्या पोरांना अशी झापते, की मीसुद्धा इथे वर सावरून बसतो. पण एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. अशी दुखापत झाली की बहुतेक अंगाला घाम येणं बंद होतं. बाहेर तापलं की ती आतून तापत जाते, बाहेर गारठलं की गारठते. तुमचं शरीर जे गुपचूप करतं ते तिच्यासाठी कुणीतरी बाहेरून करायला हवं. ते काम माझं. तिच्या वाटचा घाम मी गाळायचा.

पहिली दोन वर्षं मी ते काम चोख केलं. मग एका उन्हाळ्यात माझी हवा कोमट यायला लागली. नरसिंहरावांनी मोबाइलवरून मेकॅनिक मागवला. तो आला, मला उघडलंही नाही, म्हणाला, "गॅस खतम हो गया, सर." भरला आणि गेला. महिन्याभरात पुन्हा कोमट. या वेळी दुसराच आला, पण वाक्य तेच.

आता मला सांगा, तुमच्या फ्रिजचा गॅस दर महिन्याला संपतो का? एसीचा गॅस संपत नसतो हो! तो काय स्वयंपाकाचा सिलिंडर आहे? तो माझ्या नळ्यांतून गोल गोल फिरत राहतो, जन्मभर. कमी झाला याचा अर्थ एवढाच, की कुठेतरी गळतंय. पण तुम्ही माणसं शिकलीसवरलेली, आणि 'गॅस संपला' म्हटलं की सगळे माना डोलावता.

तिसऱ्या खेपेला नरसिंहरावांनी गांधीबाजारच्या बाजूच्या दुकानातून हयवदन नावाच्या मेकॅनिकला बोलावलं. यायचं एका दिवशी, उगवला तिसऱ्या दिवशी. धुळीचे बूट घालून थेट खोलीत. नमस्कार नाही, चमत्कार नाही. साबणाचा फेस लावून बाहेरच्या नळ्या तपासल्या, मग भिंतीवरच्या एका तेलकट डागावर बोट ठेवून म्हणाला, "गोडे ओडीबेकु." भिंत फोडायला लागेल. नळीचा जोड भिंतीच्या आत आहे आणि तो गळतोय.

नरसिंहरावांचा चेहरा पडला. भिंतीला नुकताच रंग दिलेला. शिवाय खोलीत धूळ होणार, सुप्रीताला दुसरीकडे हलवावं लागणार. "दुसरा काही उपाय नाही का?" त्यांनी कन्नडात विचारलं. हयवदन खांदे उडवून म्हणाला, उपाय हवा असेल तर बोलवा, गप्पा मारायला वेळ नाही. आणि चालता झाला. उद्धट माणूस. पण खरं बोलला होता.

"अण्णा, भिंत फोडू या," सुप्रीता म्हणाली. "चार दिवस मी खाली झोपेन."

"बघू. स्वल्प चौकशी करतो."

त्या चौकशीतून व्यंकोजी नावाचा मेकॅनिक आला. घडीचा शर्ट, दारातच चपला काढल्या. नरसिंहराव कन्नडात बोलायला लागले तर हा म्हणतो, "काका, मराठीत बोला की! मी निपाणीकडचा."

झालं! म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला, की मला क्षणभर दया आली. बायको गेल्यापासून मराठी फक्त लेकीशी, आणि लेक बहुतेक वेळ वर्गात गुंतलेली. इथे एक तरुण माणूस त्यांच्या मराठीला न हसता 'हो काका, खरंय काका' करत होता. कॉफी आली. पोहे आले. निपाणीचा पाऊस, नरसिंहरावांच्या आजोबांच्या गोष्टी, सगळं झालं. शेवटी माझ्याकडे वळायची आठवण झाली.

व्यंकोजीने मला उघडलं. तो तेलकट डाग त्यानेही पाहिला. अंगठ्याने चोळून बघितला, बोट पँटला पुसलं. त्याला सगळं कळलं, हे मला कळलं. आणि तो म्हणाला, "भिंत कशाला फोडायची काका? ते लोक उगाच घाबरवतात. गॅस भरतो, जाळी धुतो, बघा कसा पळतो!"

"बघ," नरसिंहराव लेकीला म्हणाले. "आपला माणूस म्हणजे आपला माणूस."

नालायक! हा शब्द मी तेव्हाच उच्चारला असता, पण मला तोंड कुठे? माझ्याकडे एक दिवा. बिघडलं की तो लुकलुकतो. मी लुकलुकलो, पुन्हा पुन्हा लुकलुकलो. व्यंकोजीने त्यावर चिकटपट्टी लावली. "हा दिवा उगीच टेन्शन देतो, काका."

मग ते चक्रच झालं. मी कोमट व्हायचो, व्यंकोजी यायचा, पोहे खायचा, गॅस भरायचा, जायचा. थंडीतही तेच. डिसेंबरात मी ऊब द्यायला कमी पडलो, तेव्हा सुप्रीता दोन रजया घेऊन, दात वाजवत शिकवत होती. तिला माहीत होतं हो! एकदा म्हणालीही, "अण्णा, हा आपल्याला फसवतोय."

"अगं, तो मला काका म्हणतो."

"सगळेच म्हणतात."

नरसिंहराव रुसून खाली निघून गेले. तिने तो विषय तिथेच सोडला. बापाला महिन्यातून एकदा हसताना बघायचं होतं तिला, दुसरं काय!

आणि मग या वर्षीचा एप्रिल आला. बेंगळुरूची ती प्रसिद्ध हवा कुठे गेली, ते उपेंद्ररावांना विचारा. दुपारी गच्चीची फरशी तापली, माझ्यातून निव्वळ पंख्याची हवा यायला लागली. गॅस पार संपला होता, म्हणजे गळला होता.

"अण्णा, हयवदनला फोन कर," सुप्रीता म्हणाली.

"व्यंकोजी निघालाय. येईलच."

"हयवदनलाही कर. जो आधी येईल तो."

नरसिंहराव फोन हातात घेऊन उभे राहिले. आणि पुढचं वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. ते म्हणाले, "तो येतोय म्हणाला असताना दुसऱ्याला बोलावलं, तर व्यंकोजीला काय वाटेल?"

व्यंकोजीला काय वाटेल! पोरगी लाल होत चालली होती. गाल कोरडे, ओठ कोरडे, घामाचा टिपूस नाही. नरसिंहरावांनी ओले टॉवेल टाकले, टेबलफॅन आणला, बर्फ आणला. पुन्हा फोन लावला. "काका, सिग्नलला अडकलोय, आलोच!" फोन स्पीकरवर होता. मागे कुकरची शिट्टी झाली आणि कुणीतरी 'पान वाढलंय' म्हणून हाक मारली. मी ऐकलं. नरसिंहरावांनीही ऐकलं. तरी ते खिडकीशी जाऊन रस्ता बघत उभे राहिले. माणूस इतका कसा आंधळा होतो, सांगा ना!

सुप्रीताची जीभ जड व्हायला लागली होती. तिने उशीजवळच्या मोबाइलला, शब्द गोळा करत, सांगितलं, "अनुषाला फोन लाव." अनुषा तिची जयनगरची मैत्रीण. ती ॲम्ब्युलन्स घेऊन आली. जिन्यावरून स्ट्रेचर उतरताना नरसिंहराव मागे मागे धावत होते, हातात ओला टॉवेल तसाच. मी चालूच होतो, रिकाम्या खोलीत गरम हवा फिरवत. बंद करायचं कुणाला सुचणार?

ती वाचली. अतिदक्षता विभागात होती, पण वाचली. नरसिंहरावांनी तिथूनच हयवदनला फोन केला, पाया पडल्यासारखं बोलले. तो आला, 'तेव्हाच सांगितलं होतं' असं ऐकवलं, भिंत फोडली. एका सकाळीत जोड नवा झाला, गॅस भरला, चिकटपट्टी उपटून फेकली. एवढंच काम होतं हो. एका सकाळचं.

सुप्रीताला चाकाच्या खुर्चीसकट जिन्यावरून उचलून आणलं तेव्हा मी खोली अशी गार करून ठेवली होती, की काय सांगू! पण ती राहायला आली नव्हती, अनुषाकडे जायला निघाली होती. अनुषा तिचे कपडे आणि लॅपटॉप बॅगेत भरत होती. नरसिंहराव दाराशी उभे. "आता सरी झालंय ग सगळं," ते म्हणाले. "बघ किती गार आहे."

तिने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग शांतपणे म्हणाली, "अण्णा, तुला मराठी बोलणारा हवा होता. मला जगता येईल अशी हवा हवी होती. तू निवड केलीस."

ते दारातून बाजूला झाले. 

नंतर एकदा व्यंकोजीचा फोन आला. "काका, त्या दिवशी जमलंच नाही. आज येऊ का? पोह्यांची आठवण येते बघा!" नरसिंहरावांनी उत्तर दिलं ते कन्नडात. "बेड." म्हणजे नको. एवढंच बोलले आणि फोन ठेवला. पहिल्या भेटीतली ती सुरुवात सोडली, तर त्या माणसाशी ते कन्नडात बोलले, असं हे पहिल्यांदाच.

तुमच्याही घरी माझी जातभाई मंडळी असतील. ती बिघडली की मोबाइलवर शोधाल, शेजाऱ्यांना विचाराल, कुणीतरी गोड बोलणारा दारात उभा राहील. त्याचं गाव विचारू नका, आडनाव विचारू नका. 'गळतंय कुठे?' एवढं विचारा. उत्तर देता आलं नाही तर पोहे न देता वाटेला लावा.

माझं म्हणाल, तर मी ठणठणीत आहे. नवा जोड, भरपूर गॅस, आणि काम काही नाही. दुपारी नरसिंहराव वर येतात, तिच्या रिकाम्या पलंगावर बसतात, रिमोट हातात धरतात. खोली भट्टीसारखी तापलेली. सदरा पाठीला चिकटतो, कपाळावरून धार लागते, पण बटण दाबत नाहीत. लावा ना हो मला, मी इथून ओरडतो, पण दिवासुद्धा लागत नाही. आता काही बिघडलेलंच नाही ना!

परवा उपेंद्रराव वर आले. वारं घेत म्हणाले, "अहो, एवढा चांगला एसी आहे, लावा की!"

"मला कशाला?" नरसिंहराव म्हणाले. "मला घाम येतो."

आणि त्यांनी रिमोट तिच्या उशीखाली सरकवला.