उद्याचं पीठ

"झाकण ठेव, एनेलेसी," मुख्याध्यापक कालियाती चुलीपाशी येऊन म्हणाले. "पाहुणे आल्याशिवाय एक पेलाही वाढायचा नाही."

शाळेला पीठ पुरवणारे पाहुणे ब्लांटायर शहरातून शाळा भरतानाच यायचे होते. आता ऊन डोक्यावर आलं होतं. मका-सोयाच्या लापशीवर जाड साय धरली होती. मैदानात मुलं स्वागताचं गाणं पुन्हा पुन्हा म्हणत होती. पहिलीतली काही खालीच बसली होती.

"सर, ही पोरं घरून उपाशी येतात."

"मला सांगतेस? त्यांना मुलं खाताना बघायचीत. नाही बघितली, तर पुढच्या वर्षी पीठ बंद. मग काय, माती शिजवशील?"

एनेलेसी गावातल्या इतर आयांसारखी बिनपगारीच रांधायला येई. तिची मुलं केव्हाच शाळेतून बाहेर पडली; ती येतच राहिली.

कालियाती फाटकाकडे वळताच तिनं झाकण काढलं.

"मोलेसी, पेले आण," ती हाताखालच्या पोरीला म्हणाली.

गाडी आली तेव्हा मुलं पेले धूत होती. कालियातींनी कोठीतून पोतं ओढत आणलं.

"पुन्हा रांध."

"हे उद्याचं आहे."

"उद्याचं उद्या बघू!"

"तुम्ही बघाल, सर. पोरं माझ्या तोंडाकडे बघतील." ती पोत्यावर बसली.

"ऊठ! नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"पगार देत नाही, आणि कामावरून काढता?"

मोलेसीला हसू फुटलं. एनेलेसीचा चेहरा बघून ते विरलं.

कालियातींनी भांड्यात पाणी ओतलं, जाळ वाढवला आणि टाय सावरत नुसतं पाणी ढवळायला घेतलं. वाफ छान आली. त्यांनी खूण करताच मुलांनी रिकामे पेले ओठांना लावले. पाहुण्यांतल्या एका बाईंचे डोळे भरून आले. "इतकी समर्पित माणसं क्वचित भेटतात," म्हणत त्यांनी कालियातींचा हात हातात घेतला.

एनेलेसी फोटोच्या मध्ये येत होती. तिला बाजूला व्हायला सांगितलं. ती पोत्यासकट बाजूला झाली.

घरी जाताना तिनं भांड्यातला वल्ह्याएवढा लाकडी पळा उचलला. तो तिचा स्वतःचा होता.

सकाळी मोलेसी दारात आली.

"मावशी, ढवळायला काही नाही. सरांनी फक्त पळा मागितलाय."

"हातानं ढवळा म्हणावं त्यांना!"

मोलेसी जागची हलली नाही. शाळेकडून मुलांचा कालवा ऐकू येत होता. एनेलेसीनं भिंतीशी टेकवलेला पळा घेतला, स्वच्छ असूनही पुन्हा धुतला.

"पीठ आधी गार पाण्यात कालव. गुठळ्या नकोत."

शाळेच्या बाजूला धूर दिसेपर्यंत ती अंगणात उभी राहिली. मग तिनं झाडलेलंच अंगण पुन्हा झाडायला घेतलं.