ओसरीवरच्या बाजेची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. जुनी म्हणजे मोडकी असं समजणारे मला आयुष्यभर भेटले. ते गेले, मी आहे.

माझं गाव कच्छात. लाकूड देशी बाभळीचं. सुताराने ते तळ्याच्या चिखलात अख्खा पावसाळा पुरून ठेवलं होतं, म्हणून आजवर मला कीड शिवली नाही. पाय मात्र सुताराचे नाहीत. ते लाखेचं काम करणाऱ्या एका जोडप्याने रंगवले. बायको दोरी ओढून लाकूड गरगर फिरवायची आणि नवरा त्या फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवायचा. लाल, मग काळा, मग हिरवा. दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हती, पण एकाचा हात थांबला की दुसऱ्याचा आपोआप थांबायचा. संसार कशाला म्हणतात ते मी तिथे पाहिलं. पुढे हीच गोष्ट शिकल्यासवरल्या माणसांच्या गळी उतरवताना आमच्या घराची दमछाक झाली, म्हणून आधीच सांगून ठेवते.

देवशी वेलजीच्या पहिल्या लग्नात मी या घरात आले. आळीतल्या बायका माझे पाय बघायला यायच्या. त्याची बायको केसर माझ्यावर धड वर्षभरही बसली नसेल, तोच दोघं विलायतेला गेली. आमच्या गावात हे असंच. पोरं मोठी होतात ती जायला, घरं बांधतात ती कुलूप लावायला. आळीत इतकी कुलपं आहेत की चोरालाही कंटाळा येतो. मीही अंधाऱ्या खोलीत पडून राहिले. उंदरांनी माझी दोरी कुरतडली. तक्रार कुणाकडे करणार?

मग धरणीकंप झाला. घर बसलं, मी खाली सापडले. लोकांनी ओढून काढलं तेव्हा एक पाय तुटला होता. पण त्या थंडीत सगळी आळी उघड्यावर झोपत होती आणि आडवं व्हायला जागा नव्हती. तुटक्या पायाखाली दगड लावून माझ्यावर म्हाताऱ्या झोपवल्या. तेव्हा मला मोडकी म्हणायला कुणी आलं नाही.

देवशी घर पुन्हा बांधायला परत आला. केसर तिकडेच वारली होती, लेक हंसा तिकडेच नांदत होती. घर उभं राहिलं, पण जायला त्याचा पाय निघेना. त्याने मला नवी सुती दोरी भरली, चौथा पाय बसवला. तो पाय बिनरंगाचा, साधा. तीन पाय नटलेले आणि एक विधवेसारखा, असं कुणीतरी म्हणालं. ते मला झोंबलं, आणि पुढे त्याच घरात जी बाई आली ती खरंच विधवा होती.

वालबाई शेजारच्या गावची. पहिला नवरा लवकर गेला, मूल नाही, भावाच्या घरी शेणगोठा करून दिवस काढत होती. आमच्यात दुसरं लग्न वाजतगाजत करत नाहीत. वरात नाही, पत्रिका नाही, मांडव नाही, फोटो तर नाहीच. दिवेलागणीला चार माणसं येतात, नवी साडी देतात, गूळ खातात, की झालं. वालबाई तशी आली. ग्रामपंचायतीत नोंद मागाहून झाली. तिने पदराने माझ्यावरची धूळ पुसली आणि आवळायची दोरी हाताने ओढून बघितली. "ढिली आहे," म्हणाली. या घरातला तिचा पहिला शब्द तो.

दोरी आवळायला दोघं लागतात. दर थोड्या दिवसांनी तो ओढायचा, ती ताण धरून ठेवायची, वर म्हणायची, "जोर लावा, का सगळा विलायतेतच ठेवून आलात?" सकाळी दोघं माझ्यावर बसून बशीतून चहा प्यायची. दुपारी ती बाजरी निवडायची, तो खडे वेगळे केल्याचं नाटक करायचा. माझी वीण मध्ये जरा खोलगट आहे. दोन टोकांना बसलेली माणसं बोलता बोलता मध्ये सरकतात. मी मुद्दाम काही केलं नाही. पण सरकू नका असंही म्हटलं नाही.

एकच खोड होती. फाटकाची कडी वाजली की वालबाई टुणकन खाली. जमिनीवर बसायची, पदर नाकापर्यंत. नवऱ्याशेजारी बाजेवर बसलेली बाई चारचौघांत दिसणं म्हणजे शरम. त्यात दुसरं लग्न, त्यात वय झालेलं. नवऱ्याचं नाव तर तिने कधी तोंडातून काढलं नाही. मंदिरात बायका वेगळ्या बसतात, सणाला पंगती वेगळ्या. अठरा वर्षं अशी गेली, आणि त्या दोघांना शेजारी शेजारी बसलेलं माझ्याशिवाय कुणी पाहिलं नाही.

मग देवशीचं हृदय कुरकुर करू लागलं. हंसा फोनवर रडायची. "बापू, इकडे या. इथे डॉक्टर आहेत, मी आहे." देवशीकडे तिकडचा पासपोर्ट होता, त्याला कोण अडवणार? पण तो अडून बसला. "ही येणार असेल तर येतो," म्हणाला. वालबाई आतून ओरडली, "माझ्या नावाने मरणाला कवटाळू नका. जा तुम्ही." त्या दिवशी तिने खिचडीत मीठच घातलं नाही. तो मुकाट्याने जेवला.

वालबाईला तिकडे न्यायला तिकडच्या सरकारची परवानगी हवी होती, म्हणून भुजचा एक तरुण वकील आला. माझ्यावर बसून कागद पसरले. "काकी, तुमचा काकांबरोबरचा एखादा फोटो?"

"या वयात फोटो? लोक शेण घालतील तोंडात."

"विजेचं बिल?"

"ते यांच्या नावावर."

"रेशनकार्ड?"

"माझं नाव भावाच्या कार्डावर. काढून कशाला घ्यायचं? भावजय म्हणाली असती, गहू न्यायला आली."

वकिलाने डोकं धरलं. "काका, लग्न झाल्याचा कागद आहे तुमच्याकडे. संसार झाल्याचा कुठाय?"

देवशीने इकडे तिकडे बघितलं. मला वाटलं, माझ्याकडे बोट दाखवेल. पण माणसं आपल्या खालच्या वस्तूकडे बघत नाहीत.

शेवटी फोटो काढायचा ठरला. समोरच्या घरातली पुरबाई बघायला आली. आळीत उरलेल्यांपैकी तिच्याच जिभेला हाड नाही, आणि म्हणून मला ती आवडते. देवशीने कोट घातला. दोघं माझ्यापुढे अशी उभी राहिली, जणू चोरी करताना सापडली. पुरबाई म्हणाली, "अगं, मधून गाय जाईल. सरक की जरा."

"तू फाटक लाव आधी," वालबाई म्हणाली.

फोटोत दोघांच्या मधे मी दिसते. चांगली दिसते.

कागद गेले. काही दिवसांनी तिकडच्या कचेरीने चौकशीला माणूस पाठवला, न सांगता. देवशी मंदिरात गेला होता. वालबाई माझ्यावर पाय घेऊन लसूण सोलत होती. कडी वाजली आणि ती खाली. पदर ओढला.

"घरात कोण राहतं?" त्याने विचारलं.

"घरधनी."

"त्यांचं नाव?"

ती गप्प. नाव कसं घेणार?

"तुम्ही कोण?"

"मी घरातली."

"इथलं काम बघता का?"

"मी नाही तर कोण बघणार? भांडी, झाडू, गाय, सगळं माझ्याच अंगावर." इथे ती जरा फुशारली. पाहुणा काम विचारतो म्हणजे कौतुकच करतो, असं तिला वाटलं. त्याला पाणी दिलं, गूळ दिला. तो माझ्यावर बसला, ती जमिनीवर. त्याने घर बघितलं, खाली मान घालून बसलेली बाई बघितली आणि काय ते लिहून नेलं.

महिन्याभराने वकील आला तेव्हा त्याला तोंड वर करवेना. परवानगी नाकारली होती. वालबाईची नोंद घरकाम करणारी बाई अशी झाली होती.

देवशी आधी हसला. मग हसू थांबलं आणि त्याने माझी कड दोन्ही हातांनी धरली. "मी कुठेही जात नाही," म्हणाला. वालबाई भिंतीकडे तोंड करून उभी होती. भावाच्या घरी शेणगोठा करताना तिला मोलकरीण कुणी म्हटलं नव्हतं. स्वतःच्या घरात ते कागदावर आलं.

संध्याकाळी पुरबाईने तिला सोलून काढलं. "अठरा वर्षं तू या बाजेवरून उड्या मारतेस. आम्ही काय आंधळ्या आहोत? मी येऊन बसते तेव्हा दोन्हीकडची दोरी ऊन असते. बशा दोन असतात. सगळ्या आळीला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एका सरकारला, आणि त्याच्यापुढेच तू मोलकरीण होऊन बसलीस."

"मग काय नाचू त्याच्यापुढे?"

"नाचू नकोस. बसून रहा. तेवढं तरी जमतं का बघ."

वालबाई उठली आणि गाईला चारा टाकायला गेली.

वकिलाने पुन्हा अर्ज केला. आळीतल्या उरल्यासुरल्या म्हाताऱ्यांनी साक्षीला अंगठे दिले. मग दिवस जाऊ लागले. दोघं माझ्यावर बसायची, पण चहा गार व्हायचा. कडी वाजली की वालबाईचं अंग आधी उठायचं, मन मागून यायचं. दूधवाला आला, ती उतरली. टपालवाला आला, ती उतरली. स्वतःवरच चिडायची. देवशी म्हणाला, "राहू दे. नाही जमत तर नाही." तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो बाजरी निवडायला लागला.

मित्रांनो, खरं सांगते. मलाही वाटत होतं की नाही जमलं तर बरं. ती बसून राहिली तर त्यांना जायची परवानगी मिळेल, आणि मी पुन्हा त्या अंधाऱ्या खोलीत. बाजेला काय, तिला माणसांचं वजन हवं. मी माझा स्वार्थ बघत होते.

मग एका सकाळी चौकशीला बाई आली. कडी वाजली. वालबाईचं वजन माझ्यावरून उचललं गेलं. वीण वर आली, एक बोटभर. तिथेच थांबली. मग ते वजन पुन्हा खाली आलं, सगळंच्या सगळं, आणि माझ्या बिनरंगी पायात कळ गेली.

गंमत अशी की देवशीच उठायला लागला. अठरा वर्षांत कुणी असं पाहिलं नव्हतं, त्याचे कान लाल झाले. वालबाईने त्याची बाही धरून खाली खेचलं. "बसा. उठलात तर मी एकटी दिसेन."

त्या बाईने विचारलं, "हे कोण?"

वालबाईने माझी कड मुठीत धरली. मूठ ओली होती. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं. "देवशी वेलजी," ती म्हणाली. आवाज इतका बारीक आला की ती स्वतःच खवळली आणि पुन्हा मोठ्याने म्हणाली, "देवशी वेलजी. माझे धनी. आणि मी यांची बायको, मोलकरीण नाही. मोलकरणीला पगार असतो."

समोरच्या दारात पुरबाई उभी होती. तिने तोंडात पदर कोंबला.

त्या बाईने पुष्कळ विचारलं. गोळी कधी घेतात, घोरतात का, रागावले की काय करतात. वालबाईची उत्तरं संपेनात. "रागावले की जेवत नाहीत, आणि मी विचारावं म्हणून दारातच बसतात. लहान मूल बरं." देवशी जमिनीकडे बघत होता. बोलता बोलता दोघं नेहमीसारखी माझ्या मध्यात सरकली, आणि या वेळी कुणी तरी ते पाहिलं.

परवानगी आली.

निघण्याआधी वालबाईने मला उन्हात टाकून झटकलं, पायांना तेल चोळलं, साध्या पायाला जरा जास्तच. मग दोघांनी मला उचलून आतल्या खोलीत नेलं आणि भिंतीला टेकवून उभी केली. वर जुनी चादर. तिने चादरीवरून हात फिरवला आणि गेली. कुलपाचा आवाज मी आधीही ऐकला होता. या वेळी तो जास्त वेळ घुमला असं वाटलं.

किल्ली पुरबाईकडे आहे. ती मधून मधून झाडायला येते, कधी कधी माझ्याजवळ जमिनीवर बसून वालबाईला फोन लावते. देवशी बरा आहे, म्हणे. लेकीने मऊ कोच घेतलाय.

एकदा पुरबाईने विचारलं, "काय गं, तिकडे तरी शेजारी बसतेस ना? का अजून उड्याच मारतेस?"

फोनमधून वालबाईचा आवाज आला, "बसते की. दिवसभर बसते. इथे दारावर कुणी येतच नाही, पुरबाई. उतरू कुणासाठी?"

पुरबाईने फोन ठेवला आणि झाडू बाजूला टाकला. मग तिने मला खाली घ्यायचा प्रयत्न केला. तिची कंबर साथ देईना. मला पुन्हा भिंतीला लावून ती घरी गेली.

मित्रांनो, उभ्या बाजेवर फक्त धूळ बसते. तिची दोरी आपली आपण ढिली होत जाते. तुमच्या घरी अशी एखादी उभी असेल तर तिला आडवी करा, उन्हात घाला, आवळा, आणि मग दोघं तिघं मिळून बसा, उजेडात, लोकांच्या डोळ्यांदेखत. आमच्या गावात आलात तर पुरबाईकडे किल्ली मागा, ती चार शिव्या देऊन देईल. फक्त एकट्याने येऊ नका. मला खाली घ्यायला दोन माणसं लागतात.