शेवटचा मासा कोणाच्या दारावर

मत्स्यखात्याने करवतमाशांच्या नोंदीचं काम शाळामास्तर म्हणून माझ्या गळ्यात मारलं. हा मासा आमच्या किनाऱ्यावरून नाहीसा होऊन चाळीस वर्षं झाली होती, त्यामुळे काम निवांत होतं. आमच्या गेत-न्दार या कोळ्यांच्या वस्तीत त्याच्या दोनच करवती, म्हणजे दातेरी लांब नाकाडं, उरल्या होत्या. समोरासमोरच्या दारांवर, घर राखायला टांगलेल्या. एक म्हाताऱ्या मात्तार गेयची. दुसरी दाबा सेक या विधवेची, तिच्या नवऱ्याने पकडलेल्या माशाची.

गेय आणि सेक या आडनावांचं नातं म्हणजे थट्टेची भावकी. भेटल्याबरोबर एकमेकांचा उद्धार केला नाही, तर लोक तब्येतीची चौकशी करतात.

"अरे मास्तर, आधी माझ्या गुलामाकडे गेलास?" दाबाआत्या ओरडली.

"तुझं पातेलं रिकामं होईपर्यंत थांबला असता, तर रिटायर झाला असता," मात्तार म्हणाला. "भातखाऊ कुठली!"

दोघांचं जुनं भांडण एकच: कोणाचा मासा मोठा. रेडिओवर मासा संपल्याचं सांगितलं, तेव्हापासून ते उलटं फिरलं. आता दोघांनाही आपला मासा आधीचा हवा होता. ज्याने शेवटचा मारला, त्याला त्या माशाचा उरलेला जोडीदार शोधत येतो, अशी वस्तीची समजूत. मी शिकलेला, माझा विश्वास नव्हता. भरतीच्या वेळी दाबाआत्याची करवत ठिबकायची, ते मी खाऱ्या हवेवर ढकललं होतं. समोरच्या मात्तारची करवत त्याच हवेत कोरडी ठणठणीत असायची, तिकडे मी बघत नसे.

"माझा हिच्या लग्नाआधीचा. लिही," मात्तार म्हणाला.

"खोटारड्या! लग्नात रिकाम्या हातांनी आला होतास. मासा असता तर आणला नसतास?"

मात्तारने आपल्या करवतीकडे पाठ केली. आत्याने मला बाजूला ओढलं. "त्याचाच नंतरचा लिही रे. माझा माणूस समुद्रातच राहिला. तिथे त्याला कोणी शोधायला नको."

मी दोन्ही करवती उतरवून चटईवर शेजारी ठेवल्या. मात्तारची रुंद. एका बाजूला अठरा दात, मागच्या कडेला पन्हळ असलेले. आत्याची निमुळती. सव्वीस बारीक दात, टोकाकडे दाट, बुडाशी विरळ. दोनदा मोजले, मग पुस्तक उघडलं.

"या दोन वेगळ्या जाती आहेत," मी म्हणालो. "आधी-नंतरचा प्रश्नच नाही. दोन्ही आपापल्या जातीतले शेवटचे."

बराच वेळ कोणीच कोणाला शिवी दिली नाही.

"म्हणजे दोघांकडे येणार?" मात्तारने विचारलं.

"रांगेने येतील, गुलामा. तुझं घर आधी लागतं." पण आत्या हसली नाही.

आत्याच्या करवतीच्या फॉर्मवर एक रकाना होता: शेवटचा मासा कोणी मारला. मी तिच्या नवऱ्याचं नाव लिहायला पेन टेकवलं.

"आमच्या थोरल्याच्या बारशाला शिजवला होता तो," ती पेनाकडे बघत म्हणाली. "सगळी गल्ली जेवली. तू आठ वर्षांचा. दोनदा वाढून घेतलास."

मला आठवलं. चवीला उत्तम होता.

रकान्यात मी स्वतःचं नाव लिहिलं. खात्याने काही विचारलं नाही; फॉर्म कोण वाचतं?

दाबाआत्याची करवत त्या दिवसापासून कोरडी आहे. माझ्या दारावर कधीच काही टांगलेलं नव्हतं. आज दुपारी भरती लागली, तेव्हा चौकट ठिबकू लागली. हवा कोरडी आहे. मी बाहेर जाऊन खात्री करून आलो.