खोबणीतली शेपटी

नवऱ्याने पडद्यावर चित्र उघडलं तेव्हा बायको शेजारच्या सिंकपाशी नळ्या धूत होती. दोघं एकाच प्रयोगशाळेत कंत्राटावर होती. ती पेशीच्या पटलातून एन्झाइम सोडवून शुद्ध करी. तो त्याचे स्फटिक वाढवून रचना काढी. कायम जागा एकच निघाली होती आणि सोमवारी त्या जागेसाठी त्याचं व्याख्यान होतं.

"बघ, खोबणीत कोण बसलंय!"

हे एन्झाइम पटलाला चिकटून राहतं. पटलातला चरबीचा रेणू शेपटीकडून आपल्या खोबणीत ओढतं आणि तोडतं. तोडण्याआधीचा तो क्षण अजून कुणाच्या हाती लागला नव्हता. चित्रातल्या खोबणीत काहीतरी लांबट होतं.

"शेपटी एकच दिसतेय," ती म्हणाली. "चरबीच्या रेणूला दोन असतात."

"दुसरी हलत असेल. हलतं ते दिसत नाही."

"किंवा तो माझा डिटर्जंट असेल."

डिटर्जंटशिवाय एन्झाइम पटलातून सुटत नाही आणि सुटल्यावर तो काढून घेतला तर गुठळी होऊन तळाशी बसतं. डिटर्जंटच्या रेणूलाही पाण्यात रमणारं डोकं आणि तेलात रमणारी शेपटी असते. एकच.

"तुझा मिठाचा खडा तयारच असतो," तो म्हणाला.

तिने एन्झाइमचा पुढचा घाणा आखूड शेपटीच्या डिटर्जंटमध्ये काढला. त्याचे स्फटिक त्यानेच वाढवले. शुक्रवारी चित्र आलं. खोबणीतली आकृती नेमकी तेवढीच आखूड झाली होती.

त्याने चित्र बंद केलं. मग म्हणाला, "झाकली मूठ राहू दे. जागा मिळाली की मीच खुलासा छापतो."

"जागा मिळाल्यावर कोण छापतं रे?"

"तुझं कंत्राटही माझ्यामुळेच वाढणार आहे, एवढं लक्षात ठेव."

सोमवारी दुसरं चित्र व्याख्यानात नव्हतं. शेवटी निवड समितीतल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, "हा तुमचाच डिटर्जंट नाही कशावरून? तपासलंत?"

तो हसला. "साबणाचं खातं आमच्याकडे बायकोकडे आहे, सर. तिलाच विचारा."

सभागृह हसलं. माना तिच्याकडे वळल्या. पाहुण्यांसमोर ती सांभाळून घेते, तशी आताही घेईल, याची त्याला खात्री होती.

ती उभी राहिली. "तपासलंय. आखूड शेपटीचा डिटर्जंट घातला की आकृतीही आखूड होते. तो डिटर्जंटच आहे. यांनी ते चित्र शुक्रवारी पाहिलंय."

जागा दुसऱ्याला गेली. विभागप्रमुखांनी तिला बोलावून घेतलं. "बाई, तुमचं बरोबरच होतं. पण घरचं भांडण चारचौघांत आणणाऱ्या माणसाबरोबर काम करायला लोक बिचकतात." तिचं कंत्राट वाढलं नाही. त्याचं वाढलं. रचना तर खरीच होती, फक्त खोबणीतल्या रेणूचं नाव बदलायचं होतं.

वर्षाच्या आत त्याचा पेपर छापून आला. असली एन्झाइम्स डिटर्जंटलाच चरबी समजून कशी धरतात, हा विषय. पहिल्याच पानावर दोन चित्रं शेजारीशेजारी होती, लांब शेपटी आणि आखूड शेपटी. लेखकांत तिचं नाव नव्हतं. ते आभारांत होतं, यंत्र दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या खाली.

सासूबाईंनी चष्मा लावून पान जवळ धरलं. "छान आलंय हो. पण नेमकं शोधलंस काय रे?"

"हिला विचार, आई," तो जेवता जेवता म्हणाला. "ही छान समजावून सांगते."