माहेरची बॅग

"अहो, ती बॅग कॉफीवाल्याकडे ठेवा ना. या चढावर कशाला वागवताय?"

"राहू दे, बाई. वजन नाही तिला."

"वजन नाही, तर मग नेताय कशाला?"

ओरेस्तेने हसून वेळ मारून नेली आणि मिटलेली छत्री वर धरली. छत्री पिवळ्या-निळ्या पट्ट्यांची होती, कारण पिवळा आणि निळा हे कासव पेठेचे रंग, आणि ओरेस्ते जन्माने कासव पेठेचा. इटलीतल्या या सिएना गावात माणूस आधी पेठेचा असतो, मग आईबापांचा, आणि काही उरलंच तर देशाचा.

ओरेस्ते गाइड होता, आणि छत्रीमागून गाव बघायला आलेली सहा-सात माणसं चालत होती. पुढे त्रिएस्तेहून आलेल्या ओंदिनाबाई, हातात काठी आणि तोंडात प्रश्न; बॅगेचा प्रश्नही त्यांचाच. त्यांच्यामागे बेर्गामोचा तुल्लिओ नावाचा गृहस्थ, जो प्रत्येक चर्चसमोर आपल्या बायकोला आपल्या गावचं चर्च याहून मोठं असल्याचं सांगत होता. एरवी ओरेस्तेने त्याची अशी फिरकी घेतली असती की बायकोनेच टाळ्या वाजवल्या असत्या. आज त्याने नुसती मान डोलावली. आज त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

आज एकोणतीस जून. दुपारी कांपोच्या, म्हणजे गावातल्या मुख्य चौकात, पेठापेठांच्या शर्यतीसाठी चिठ्ठ्या टाकून पेठांना घोडे वाटले जाणार होते. चौकात पिवळी माती टाकून झाली होती, गल्लोगल्ली निशाणं लागली होती. एकदा का घोडे वाटले, की शर्यत होईपर्यंतचे चार दिवस सिएनात कोणी कोणाचं नसतं. शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. आणि नवरा एका पेठेचा, बायको वैरी पेठेची असली, तर बायको सरळ बॅग भरून माहेरी जाते. त्यात भांडण नसतं, रुसवा नसतो. भांडण होऊ नये म्हणूनच जायचं.

ओरेस्तेची बायको नेरीना गोगलगाय पेठेची. कासव आणि गोगलगाय यांचं वैर पिढ्यानपिढ्यांचं. कशावरून, ते कोणालाच धड सांगता येत नाही. दोघांत हळू कोण यावरून असेल, असं बाहेरगावचे लोक गमतीने म्हणतात. सिएनात ही गंमत मोठ्याने करू नये.

लग्न ठरलं तेव्हा दोन्ही घरांत चुलीला विस्तव लागला नाही. मुलगी झाली तेव्हा नेरीनाचा भाऊ लेआर्कोने दवाखान्यात पाळण्याखाली गोगलगायीचं निशाण सरकवलं, आणि ओरेस्तेने पाळण्याच्या पायाला कासवाचा रुमाल बांधला. ती मुलगी, इलारिया, मोठी होऊन फ्लॉरेन्सला राहायला गेली आणि दोन्ही पेठांना विसरली. फ्लॉरेन्स म्हणजे सिएनाचं जुनं वैरी शहर; सिएनाच्या माणसाला याहून मोठा धक्का देता येत नाही. "दोघांनी ओढाताण केली आणि फ्लॉरेन्सवाल्यांनी पळवली," असं नेरीना हसत हसत सांगायची.

पण दरवर्षी, घोडे वाटायच्या आत, ओरेस्ते तिची ती तपकिरी बॅग उचलून तिला दोन पेठांच्या हद्दीपर्यंत सोडायला जाई. हद्द म्हणजे सान मार्को रस्त्याचा कोपरा. अलीकडे कासवाची निशाणं, पलीकडे गोगलगायीची. पलीकडे लेआर्को भिंतीला टेकून उभा असे. मेव्हणे-मेव्हणे एरवी पत्ते खेळत, एकमेकांच्या घरी जेवत. पण त्या कोपऱ्यावर एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत. जे काही बोलायचं ते नेरीनाच्या मार्फत.

"तुझ्या नवऱ्याला सांग, उशीर केला त्याने."

"तुझ्या भावाला सांग, तुझं आवरत नव्हतं."

"दोघांनाही सांगते, मेले आहात का दोघं? समोरासमोर उभे आहात की!"

मग लेआर्को बॅग उचले, नेरीना त्याच्यामागून चालू लागे, आणि लिंबाच्या झाडाची मोठी कुंडी ठेवलेल्या दारापाशी वळून हात करी. शर्यतीच्या रात्री ओरेस्ते त्याच कोपऱ्यावर तिला न्यायला येई. कोणी जिंकलं असो, कोणी हरलं असो, वाटेत शर्यतीचं नाव काढायचं नाही, असा दोघांचा करार होता. तो करार घरी पोचेपर्यंत कधीच टिकला नाही.

नेरीना गेल्या हिवाळ्यात गेली. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं मुलांना जेवू घातलेली बाई. आजारपणातही दवाखान्याच्या सुपाला नावं ठेवत होती. शेवटच्या आठवड्यात म्हणाली, "माझा रुमाल माझ्या पेठेत जाऊ दे, ओरेस्ते. तुझ्या कासवांच्या कपाटात कोंडून ठेवू नकोस." तो हो म्हणाला. हो म्हणायला काय लागतं?

रुमाल म्हणजे रेशमी, पेठेच्या रंगांचा, लहानपणी पेठेच्या कारंज्याच्या पाण्याने पेठेत बारसं करताना गळ्यात घातलेला, मग जन्मभर सणासुदीला वापरलेला. लेआर्कोला तो त्यांच्या पेठेच्या दालनात, गेलेल्यांच्या रुमालांशेजारी लावायचा होता. त्याने दोनदा निरोप पाठवला. ओरेस्तेने दोनदा "आणतो" म्हटलं आणि आणला नाही. घरात तिचं बाकी सगळं आवरून झालं होतं. कपडे इलारियाने नेले, भांडी वाटून टाकली. रुमालाला मात्र अजून तिचा वास होता. रात्री दिवा मालवल्यावर तो उशाशी घेऊन निजतो, हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

आज सकाळी त्याने रुमाल बॅगेत ठेवला. बॅग बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. नेरीनाचंही असंच आवरत नसे.

कॅथेड्रलसमोर तो संगमरवराच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांबद्दल बोलला, पण बोलता बोलता मधेच अडला. गेली कित्येक वर्षं तीच वाक्यं, आणि आज एक सापडेना. तुल्लिओने लगेच ते पूर्ण केलं, चुकीचं. ओरेस्तेने दुरुस्तही केलं नाही.

"तब्येत बरी आहे ना तुमची?" ओंदिनाबाईंनी विचारलं.

"बरी आहे, बाई. ऊन आहे जरा."

वरच्या रस्त्याने ते कासव पेठेत शिरले. निशाणांखालून जाताना ओरेस्तेची पाठ आपोआप ताठ झाली. दारादारातून लोक त्याला हाक मारत होते, "काय ओरेस्ते, घोडा कोणता येतोय आपल्याला?" आणि तो "लंगडा नसला म्हणजे झालं!" असं ओरडून उत्तर देत होता. पण हाक मारणाऱ्यांची नजर बॅगेवर जात होती, आणि मग ते दारातून आत सरकत होते. पेठेत सगळ्यांना ती बॅग माहीत होती.

कासवाच्या कारंज्यापाशी त्याची फेरी संपे. तिथे पाणी पिऊन लोक विचारत, "आणि तिकडे, खाली, त्या रस्त्यावर काय आहे?" त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर होतं: "तिकडं बघण्यासारखं काही नाही. ओल आहे नुसती, आणि डास." सगळे हसत आणि फेरी संपे.

एका वर्षी मात्र हे उत्तर त्याच्या अंगाशी आलं होतं. घोळक्याच्या मागे एक बाई उभी होती, काळा चष्मा, डोक्याला ओढणी, परदेशी वाटावी अशी. तिने अगदी नम्रपणे विचारलं, "गाइडसाहेब, गोगलगायींचं कारंजं नाही का दाखवत?"

"तिकडं बघण्यासारखं काही नाही, बाई."

"असं? मग तुम्ही तिकडे काय बघितलंत? बायको तर तिकडचीच केलीत!"

सगळा घोळका खो-खो हसला. नेरीनाने चष्मा काढला. ओरेस्ते कानापर्यंत लाल झाला, आणि त्यानंतर हे उत्तर देताना दरवेळी त्याची नजर घोळक्याच्या मागच्या टोकाला जाऊन येई.

आजही गेली. मागे तुल्लिओची बायको चप्पल काढून पाय चोळत होती.

"चला, मंडळी," ओरेस्ते घाईघाईने म्हणाला. "संपली फेरी. लवकर कांपोवर जा, नाहीतर जागा मिळायची नाही." बॅग हातातच होती. घोडे वाटून झाले की हद्द बंद. मग आपोआपच यंदा राहिलं, असं म्हणता आलं असतं. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणता आलं असतं. त्याला एकदम हलकं वाटलं आणि त्या हलकेपणाची लगेच लाजही वाटली.

"आणि तिकडे खाली काय आहे?" ओंदिनाबाईंनी काठीने दाखवलं.

ओरेस्तेने तोंड उघडलं. तिकडं बघण्यासारखं, असं म्हणायला सुरुवातही केली, आणि वर धरलेली छत्री खाली घेतली. बाई वाट पाहत होत्या.

"तिकडे माझी सासुरवाडी आहे," तो म्हणाला. "चला, कोपऱ्यापर्यंत दाखवतो."

कोपऱ्यापलीकडे, भिंतीला टेकून, लेआर्को उभा होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. गुडघे धरले होते त्याचे, तरी दाढी करून, गळ्यात आपल्या पेठेचा रुमाल बांधून तो नेहमीच्या जागी येऊन उभा राहिला होता. ओरेस्तेला पाहून तो भिंतीपासून सरळ झाला.

ओरेस्तेने कोपऱ्यावरच्या नेहमीच्या दगडावर बॅग ठेवली आणि तो एक पाऊल मागे आला. लेआर्को पुढे झाला. मधे बोलायला कोणी नव्हतं.

काठी टेकत टेकत ओंदिनाबाई नेमक्या दोघांच्या मधे येऊन थांबल्या.

"बाई," लेआर्को घसा खाकरून म्हणाला, "या गृहस्थांना सांगा, उशीर केला त्यांनी."

बाईंनी याच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "अहो, ते इथेच तर उभे आहेत! तुम्हाला ऐकू नाही का येत?"

"येतं," ओरेस्ते म्हणाला. "पण तुम्ही सांगा."

"ते म्हणतात, उशीर केलात."

"त्यांना सांगा, तिचं आवरत नव्हतं."

वाक्य तोंडातून गेलं मात्र, तो थबकला. लेआर्कोने मान खाली घातली. तुल्लिओ काहीतरी विचारणार होता, त्याच्या बायकोने त्याचं मनगट धरलं.

लेआर्कोने वाकून बॅग उचलली. दरवर्षीच्या सवयीने जोर लावला होता त्याने. बॅग एकदम वर आली आणि त्याचा तोल गेला.

"सांगा त्यांना," तो म्हणाला, "यंदा हलकी आहे."

"रुमाल आहे फक्त. बाई, त्यांना म्हणावं, धुतलेला नाही. तसाच आहे. धुऊ नका म्हणावं."

ओंदिनाबाईंना आता सगळं कळलं होतं. त्यांनी लेआर्कोकडे वळून शब्द न् शब्द तसाच सांगितला, हळू, शाळेतल्या मुलीने निरोप सांगावा तसा. "धुतलेला नाही. धुऊ नका."

"नाही धुणार." लेआर्कोने बॅगेचं हँडल दोन्ही हातांनी धरलं. "बाई, विचारा त्यांना... शर्यत झाली की न्यायला येणार का?"

बाईंना हा प्रश्न काही पुढे सरकवता येईना. त्या नुसत्या ओरेस्तेकडे वळल्या.

"येतो म्हणावं," ओरेस्ते म्हणाला. आवाज जरा फाटला, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं. "नेहमीच्या वेळेला येतो. रुमाल राहू दे. बॅग माझ्या घरातली आहे."

लेआर्कोने मान हलवली आणि तो वळला. त्याच्या पेठेच्या निशाणांखालून, गुडघे सांभाळत, तो रस्त्याने खाली चालू लागला. कांपोच्या दिशेने घंटा वाजायला लागली होती. घोळका चुळबुळत होता. ओरेस्ते मात्र जागचा हलला नाही, कारण दरवर्षी नेरीनाचा हात दिसेपर्यंत तो हलत नसे.

लिंबाच्या कुंडीपाशी लेआर्को थांबला. मागे वळून पाहिलं नाही त्याने. काही वजन नसलेली ती बॅग त्याने या हातातून त्या हातात घेतली, डोक्याच्या वर उंच धरली आणि तशीच धरून तो दारातून आत गेला.

मग ओरेस्ते निघाला.